वाचकांचे प्रश्न : आल्प्समधले किल्ले आणि त्यांच्यावरचा उजेड

सातपुड्यातील पावसाळी छायाचित्रणावर या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतल्या पाच पत्रांचा रोख थेट युरोपातल्या आल्प्स पर्वताकडे होता. एकाच विषयावर एवढी पत्रे एकाच महिन्यात येण्याचा योग सहसा येत नाही, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्यांच्या निम्म्या शंका त्यातच आल्या आहेत.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी, दोघेही शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहोत. गेली बारा वर्षे मी गडकिल्ल्यांची छायाचित्रे काढत आहे. आता एकदाच युरोपला जायचे, तर आल्प्समधले किल्ले आणि डोंगर मनसोक्त टिपावेत अशी इच्छा आहे. १४ दिवसांचा आराखडा सोबत जोडला आहे : नॉयश्वानस्टाईन, होहेनश्वांगाऊ, लिंडरहोफ, साल्झबर्गचा किल्ला, होहेनवेर्फेन, फाडुत्स, बेलिंझोनाचे तीन किल्ले, थून आणि शियों, शिवाय मॅटरहॉर्न, युंगफ्राऊ आणि माँ ब्लाँ. मुलाला दिवाळीतच रजा मिळते, त्यामुळे तेव्हा जावे की मे महिन्यात, हेही कळवावे.
— निवृत्त मुख्याध्यापक, अमळनेर

उत्तर : आपला आराखडा मी नकाशा पुढ्यात घेऊन दोनदा वाचला. ११ किल्ले, ३ शिखरे आणि ५ देश, आणि त्यासाठी १४ दिवस, ज्यांतले जाण्यायेण्याचे २ दिवस विमानातच जाणार. स्वित्झर्लंडमधल्या आगगाड्या बहुधा वेळेवर धावतात हे खरे, त्यामुळे ही यादी कागदावर पूर्ण होऊ शकेल; पण प्रत्येक ठिकाणी आपण पोहोचाल ते बहुधा भर दुपारी, आणि ऊन कोणत्या भिंतीवर आहे हे पाहण्याआधीच पुढच्या गाडीची वेळ झालेली असेल. बारा वर्षे गडांवर फिरलेल्या माणसाला हे सांगायला नको, की गडाचे छायाचित्र गडावर पोहोचल्याने मिळत नाही, तिथे मुक्काम केल्याने मिळते. म्हणून माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला हाच, की यादीतली सात नावे आजच खोडावीत आणि उरलेल्या ठिकाणी दोन, तीन, शक्य तिथे चार रात्री राहावे.

फाडुत्सचा किल्ला खोडताना वाईट वाटू देऊ नका. तिथे लिख्टेनश्टाइनचे राजघराणे आजही राहते आणि किल्ला लोकांसाठी उघडा नाही. बेलिंझोनाचे तीन किल्ले २००० पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि उत्तम आहेत, पण ते आल्प्सच्या दक्षिण उतारावर, स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषिक भागात आहेत. तेवढ्यासाठी वाट वाकडी करण्यात दोन दिवस मोडतील. मॅटरहॉर्न आणि माँ ब्लाँ या दोघांचे प्रत्येकी तीन दिवसांचे मागणे असते, त्यामुळे या खेपेला शिखरांपैकी एक युंगफ्राऊच ठेवा. लिंडरहोफ आणि थून ओघाने जमले तर पाहावेत, त्यांच्यासाठी रात्र राखून ठेवू नये.

आता महिन्याविषयी. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, डोंगरावर जाणारे बरेच रोपवे वार्षिक देखभालीसाठी बंद असतात. मे महिन्यात खाली हिरवळ असते, पण वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात. आपण दोघेही निवृत्त आहात, तर मुलाच्या रजेची वाट न पाहता सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा. त्यामागे उजेडाचे एक सरळ गणित आहे. जळगाव-अमळनेर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि ऊन अक्षरशः टाळूवर पडते. आल्प्सचा हा पट्टा ४६ ते ४८ अंशांवर आहे. २२ सप्टेंबरच्या आसपास तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४३ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी नऊ-साडेनऊला जे तिरपे ऊन मिळते, ते तिथे मध्यान्हीला मिळते. त्या दिवसांत उजाडते साधारण सव्वासातला आणि सूर्य मावळतो साडेसातच्या आत, त्यामुळे जूनप्रमाणे पहाटे चारला उठून रात्री दहापर्यंत जागण्याची ओढाताण होत नाही. मात्र ही वेळ सपाटीवरची. दरीत सूर्य डोंगराआडून उशिरा येतो आणि लवकर जातो. लाउटरब्रुनेनसारख्या खोल दरीत तर तळाशी ऊन पोहोचेपर्यंत वरची शिखरे केव्हाच उजळून निघालेली असतात.

माझ्या मते आपला प्रवास असा असावा. मुंबईहून म्युनिक, तिथून आगगाडीने सुमारे दोन तासांवर फ्यूसेन, आणि तिथे तीन रात्री. पुढे दोन रात्री वेर्फेनला, मग पूर्ण एक दिवस गाडीत घालवून युंगफ्राऊजवळच्या वेंगेनला चार रात्री, आणि शेवटी शियोंजवळच्या माँत्र येथे तीन रात्री. परतीचे विमान झुरिकहून घ्यावे, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. या १२ रात्रींपैकी सात स्वित्झर्लंडमध्ये आहेत, त्यामुळे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज स्वित्झर्लंडकडेच करायचा. जिथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज, असा नियम आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवास विमा आवश्यक असतो आणि बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. उन्हाळ्यात अर्जांची गर्दी फार होते, तेव्हा जूनच्या आतच हे काम उरकावे.

फ्यूसेनजवळचा नॉयश्वानस्टाईन जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये बांधायला घेतला आणि १८८६ मध्ये तो वारला तेव्हाही तो अपुराच होता. राजाच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तो लोकांना पाहण्यासाठी खुला झाला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराने त्याची मूळ कल्पनाचित्रे काढली होती, आणि त्या वास्तूने लढाई कधीच पाहिली नाही. एक योगायोग इथे नोंदवावासा वाटतो : जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या ज्या अधिवेशनात लुडविगचे महाल जागतिक वारसा यादीत गेले, त्याच अधिवेशनात आपले १२ मराठा किल्लेही गेले, आणि त्यांत बागलाणातला साल्हेर आहे, जिथे १६७२ ची मोठी लढाई झाली. एक वास्तू राजाच्या स्वप्नासाठी उभी राहिली आणि दुसरी वाट अडवण्यासाठी. हा फरक छायाचित्रातही उतरायला हवा, असे मला मनापासून वाटते. नॉयश्वानस्टाईन दुरून, रंगमंचासारखा पाहावा. त्याच्या दक्षिणेला पोलाट घळीवर सुमारे ९० मीटर उंचीचा मारियनब्रुके नावाचा पूल आहे, त्यावरून उत्तरेकडे पाहिले की किल्ला आणि त्यामागे सपाटीवरची तळी एका चौकटीत येतात. सूर्य दिवसभर पाठीशी राहतो, त्यामुळे एरवी भर दुपारीही तिथे काम होते. फक्त पूल अरुंद आहे, फळ्यांचा आहे आणि माणसे चालली की थरथरतो. तिपाईवर लांब एक्स्पोजर द्यायचे, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड जास्त वेळ येऊ द्यायचा, तर गर्दीच्या आधी, सकाळी लवकर पोहोचावे. आतील दालनांत छायाचित्रणाला बंदी आहे आणि तिकिटावर ठरलेली वेळ असते, तेव्हा ते तिकीट दुपारचे घ्यावे आणि सकाळ-संध्याकाळ बाहेरच्या उजेडासाठी मोकळी ठेवावी.

होहेनवेर्फेन आणि शियों हे मात्र खरे लढाऊ किल्ले. होहेनवेर्फेन ११व्या शतकात साल्झबर्गच्या आर्चबिशपने साल्झाख नदीच्या अरुंद खोऱ्यावर नजर ठेवण्यासाठी बांधला. आपण लळिंग पाहिला असेलच. धुळ्याकडे येणारा रस्ता ज्या पद्धतीने त्याच्या पायथ्याशी येऊन आवळला जातो, तेच इथे नदी, रस्ता आणि लोहमार्ग या तिघांचे झालेले दिसते. म्हणून फक्त बुरूज टिपू नका. पश्चिमेकडच्या उतारावर चढा, म्हणजे खाली नदीचा पट्टा, मध्ये कातळावरचा किल्ला आणि मागे टेनेनगेबिर्गे या चुनखडीच्या डोंगरांची भिंत, असे तिन्ही थर मिळतील, आणि दुपारनंतर त्या भिंतीवर ऊनही समोरून येईल.

शियोंसाठी तर मी आपल्याला संध्याकाळच्या संध्याकाळ देऊन टाका असेच सांगेन. जिनिव्हा सरोवराच्या काठालगत एका खडकावर तो उभा आहे, सव्हॉयच्या सरदारांचा आणि १५३६ नंतर बर्नकरांचा. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम एका वाटेची जागा होती आणि ती वाट त्याच्या ताब्यात होती. माँत्रहून काठाकाठाने पाऊण तास चालत गेले की तो समोर येतो आणि त्याच्या पाठीमागे दाँ द्यू मिदी ही दातेरी शिखरे दिसतात. दुपारी तिकडून पाहिले तर सूर्य तोंडावर असतो आणि भिंती काळ्या पडतात. मी एकदा सप्टेंबरात तिथे साडेपाचपासून बसून होतो. सहापर्यंत काहीच घडले नाही. भिंती राखाडी, पाणी राखाडी. मग ऊन पश्चिमेकडून पाण्यावरून सरपटत आले, आधी तटाच्या पायथ्याचे ओले दगड तांबूस झाले, मग एकेक खिडकी, मग कौले, आणि सर्वांत शेवटी मागची शिखरे. हा सगळा प्रकार पंचवीस मिनिटे चालला. सूर्य गेल्यावर लोक उठून गेले, पण खरा निळा उजेड त्यानंतर आला. त्या अक्षांशावर संधिप्रकाश आपल्याकडच्यापेक्षा निवांत चालतो आणि किल्ल्यावरचे दिवे लागल्यावर आभाळ व दिवे यांची तेजस्विता काही मिनिटे अगदी सारखी होते. तेवढ्या मिनिटांसाठी तिपाई तयार ठेवा.

वेंगेन हे मोटारींना प्रवेश नसलेले गाव आहे. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या गाडीने वर जावे लागते. गाव दरीच्या पूर्वेकडच्या सज्जावर असल्यामुळे युंगफ्राऊवरची संध्याकाळची लाली गावातूनच दिसते. खाली लाउटरब्रुनेनचा श्टाउबबाख धबधबा, जवळजवळ ३०० मीटरांचा, पश्चिमेच्या कड्यावरून कोसळतो, म्हणून त्याच्यावर ऊन सकाळी असते. मेनलिखेनहून क्लाइन शायडेगपर्यंतची पायवाट तासा-दीड तासाची आणि हलक्या उताराची आहे. गुडघ्यांना फारसा त्रास न होता आयगर, मोंख आणि युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे सतत समोर राहतात. आयगरची उत्तर भिंत सप्टेंबरात सावलीतच असते. तिला उजळवण्याचा खटाटोप न करता तिचा काळेपणाच विषय करावा.

युंगफ्राऊयोख, म्हणजे युंगफ्राऊलगतच्या खिंडीतले रेल्वे स्थानक, ३४५४ मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि तिथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. आपल्या दोघांपैकी कोणाला हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. हे तिकीट सगळ्या प्रवासात महागड्यांपैकी एक असते. ते आधीपासून काढून ठेवू नये. वरच्या स्थानकांवरचे कॅमेरे थेट दृश्य दाखवतात, ते सकाळी उठून मोबाइलवर पाहावे आणि आभाळ मोकळे असेल तरच निघावे. चार रात्री वेंगेनला राहण्याचा सल्ला मी दिला तो याच कारणासाठी : चारांपैकी एखादा तरी दिवस मोकळा मिळण्याची शक्यता बरीच असते, आणि ढगाळ दिवशी दरी, धबधबे आणि लाकडी घरे असतातच.

प्रश्न : मुलगी म्युनिकला असते. आम्ही जानेवारीत तिच्याकडे जाणार आहोत आणि बर्फातला नॉयश्वानस्टाईन टिपण्याची फार इच्छा आहे. मात्र गेल्या वर्षी जावयांनी काढलेल्या छायाचित्रांत बर्फ मळकट दिसतो. कॅमेऱ्यात दोष असेल का? थंडीत कॅमेरा चालतो ना?
— जिनिंग व्यावसायिक, धरणगाव

उत्तर : कॅमेऱ्यात दोष नाही, आणि याचा सराव करण्यासाठी आपल्याइतकी चांगली जागा दुसऱ्या कोणाकडे नसेल. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी लागलेली असते, ती भर उन्हात पूर्ण चौकट भरून टिपून पाहा. पांढराशुभ्र कापूस करडा येईल. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. सगळेच पांढरे दिसले की उजेड जास्त झाला असे समजून तो एक्स्पोजर कमी करतो. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) अधिक १ वर ठेवून तीच गंजी पुन्हा टिपा, नंतर अधिक १.३, नंतर अधिक १.७. कुठल्या आकड्यावर कापूस पांढरा होतो आणि कुठल्या आकड्यापुढे त्याचे तंतू दिसेनासे होतात, ते कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या आलेखासह वहीत लिहून ठेवा. बर्फाला जवळजवळ तेच आकडे लागू पडतील. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावीत, म्हणजे सावलीतल्या बर्फावर येणारी निळसर झाक नंतर हवी तेवढी कमी करता येते. ती सगळीच काढू मात्र नये. सावलीतला बर्फ निळसरच असतो आणि थंडी त्या निळेपणातूनच जाणवते.

थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते. दोन जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा आणि उतरलेली बॅटरीही टाकून न देता तिथेच ठेवा. ऊब मिळाली की ती आणखी काही छायाचित्रांपुरती चालते. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

थंडीपेक्षा मोठा धोका उबेचा आहे, आणि तो मला अनुभवातून कळला. युंगफ्राऊयोखला बाहेर तासभर काम करून मी गळ्यात कॅमेरा तसाच ठेवून आतल्या दालनात शिरलो. आत माणसांच्या श्वासांनी आणि चहा-कॉफीच्या वाफेने हवा दमट झालेली होती. भिंगावर क्षणात दुधाची साय धरावी तसा थर आला. रुमालाने पुसला की पुन्हा धरायचा, आणि मागच्या बाजूने व्ह्यूफाइंडरमध्येही तेच. त्याच वेळी बाहेर ‘आलेच’ नावाच्या हिमनदीवरचे ढग फाटले आणि आल्प्समधली ती सर्वांत लांब हिमनदी पार वळणापर्यंत दिसू लागली, असे सोबतची मंडळी धावत सांगायला आली. कॅमेरा वापरण्याजोगा होईपर्यंत ढग पुन्हा मिटले होते. तेव्हापासून मी एक जाड, झिपची प्लॅस्टिक पिशवी जवळ बाळगतो. उबेत शिरण्याआधी, बाहेरच कॅमेरा पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचे आणि आत गेल्यावर किमान अर्धा तास ती उघडायची नाही. बाष्प पिशवीवर धरते, कॅमेऱ्यावर धरत नाही. मेमरी कार्ड मात्र आधीच काढून घ्यावे, म्हणजे संध्याकाळी छायाचित्रे पाहण्यासाठी पिशवी उघडण्याचा मोह होत नाही.

आणखी एक. बर्फ आणि निसरडे झाले की मारियनब्रुकेकडे जाणारी वाट हिवाळ्यात बंद ठेवतात, कधी कधी बरेच दिवस. तसे झाले तर निराश न होता खाली श्वांगाऊच्या शेतांकडे जावे आणि तिथून लांब भिंगाने किल्ला टिपावा. दक्षिणेकडून कोरडा, उबदार फ्योन वारा सुटला असेल तर त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होते की डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटतात. पहिल्या पावसानंतर जळगावहून सातपुडा जसा जवळ दिसतो, तसेच.

प्रश्न : मी पुढील शिक्षणासाठी ऑस्ट्रियाला जात आहे. माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि १८-५५ मिमीचे भिंग आहे. पैसे मोजकेच आहेत. डोंगर आणि किल्ला एकत्र घेण्यासाठी वाइड अँगल भिंग घ्यावे का? जाण्यापूर्वी सराव कुठे करावा?
— विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : वाइड अँगल घेऊ नका. डोंगर मोठा आहे म्हणून रुंद भिंग हवे, असे प्रथम सगळ्यांनाच वाटते, पण रुंद भिंग पायाजवळचा दगड मोठा करते आणि मागच्या डोंगराची टेकडी करते. किल्ल्यापासून दूर जा आणि लांब भिंगाने त्याच्याकडे पाहा. किल्ला चौकटीत तेवढाच राहतो आणि मागचा डोंगर त्याच्या डोक्यावर उभा राहतो. आपल्या कॅमेऱ्याला बसणारे ५५-२५० मिमीच्या आसपासचे वापरलेले भिंग कमी पैशांत मिळते, तेवढे घ्या.

हे समजून घेण्यासाठी आधी साल्हेरला जा. वाघांबे गावातून साल्हेर आणि सालोटा ही जोडी १८ मिमीवर टिपा, मग शेतांतून मागे मागे जात ५५ वर, मग लांब भिंगावर. १५६७ मीटरांचा साल्हेर कुठल्या छायाचित्रात खरोखर १५६७ मीटरांचा वाटतो, हे आपल्यालाच दिसेल. पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी तोरणमाळचा यशवंत तलाव आपल्या जिल्ह्यातच आहे; पहाटे वारा पडलेला असताना जा आणि ऊन वर आल्यावर पाणी केव्हा हलू लागते ती वेळ टिपून ठेवा. आल्प्सच्या तळ्यांवरही असेच होते. उतार तापले की दरीतून वारा वर चढू लागतो आणि आरसा मोडतो, म्हणून तिथे प्रतिबिंबे सकाळीच मिळतात.

जमले तर जाता जाता चाळीसगावला उतरून कलामहर्षी केकी मूस यांचे घर पाहा, त्याचे आता संग्रहालय झाले आहे. ज्यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले आणि पुढे कित्येक दशके क्वचितच घराबाहेर पडून टेबलावरच्या मांडणीतून अख्खी दृश्ये उभी केली, त्यांची छायाचित्रे आपल्याला उजेडाची दिशा कोणत्याही वर्गापेक्षा चांगली शिकवतील. मी तिथे जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा एकेका छायाचित्रासमोर दिवा कुठे ठेवला असेल एवढेच शोधत उभा राहिलो आहे.

प्रश्न : मागच्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर गेलो, तर किल्ल्यापाशी २५ मिनिटे आणि खरेदीला २ तास असे झाले. आता आम्ही चार मैत्रिणी स्वतःच जाणार आहोत, सर्व शाकाहारी. जेवणाचे कसे करावे? घरून काय न्यावे?
— गृहिणी, धुळे

उत्तर : स्वतः जाण्याचा निर्णय योग्य आहे, आणि चौघी असल्यामुळे स्वयंपाकघर असलेले छोटे घर भाड्याने घेणे परवडेल. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उजेडाच्या वेळा नेमक्या हॉटेलच्या नाश्त्याच्या आणि जेवणाच्या वेळांवर येतात, त्यामुळे छायाचित्रणासाठीही हीच सोय चांगली. तिथल्या दुकानांत भाज्या, तांदूळ, डाळी, दही सर्व मिळते. घरून कळण्याचे पीठ, शेवभाजीचा मसाला, शेव, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्यावे. दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ प्रवाशांनी नेण्यास युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे, त्यामुळे साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई सामानात घालू नये. भाकरी थापून सोबत नेण्यापेक्षा पीठ नेलेले बरे. दुपारच्या जेवणासाठी डब्यात पोळी-चटणी घेऊन निघालात, की ढग हटेपर्यंत एका जागी बसून राहता येते.

प्रश्न : रेल्वेत ३४ वर्षे नोकरी केली. आल्प्समध्ये मला किल्ल्यांइतकेच तिथल्या डोंगरी गाड्यांचे आकर्षण आहे. गाडीतून छायाचित्रे चांगली येतील का? ड्रोन न्यावा का? काही छायाचित्रे विकली तर चालतील का?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : ड्रोन घरीच ठेवा. तिथे नोंदणी लागते, संरक्षित क्षेत्रांत उड्डाणाला मनाई असते, आणि नॉयश्वानस्टाईनसारख्या ठिकाणी तर बंदीच आहे. स्वतःच्या आठवणीसाठी आणि मित्रांना दाखवण्यासाठी बाहेरून काढलेल्या छायाचित्रांना अडचण नाही. व्यापारी वापर करायचा असेल तर त्या त्या किल्ल्याच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधी घ्यावी. महागड्या भिंगांची बिले आणि क्रमांक सोबत ठेवून मुंबई विमानतळावर जातानाच सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना ती तिकडे खरेदी केली नाहीत हे सिद्ध करावे लागत नाही.

गाड्यांविषयी लिहिताना मला विशेष आनंद होतो, कारण आपण ज्या घाटाच्या आसपास नोकरीची वर्षे घालवली असतील, त्या कसाऱ्याचा चढ ३७ला १ आहे आणि त्यासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. युंगफ्राऊच्या मार्गावर तो जास्तीत जास्त ४ला १ होतो. साध्या रुळांवर चाक तिथे घसरेल, म्हणून मध्ये दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचे दातेरी चाक तिच्यात अडकून वर चढते. मॅटरहॉर्नसमोरच्या गोर्नरग्राटचा मार्ग १८९८ मध्ये सुरू झाला. युंगफ्राऊयोखचे स्थानक १९१२ मध्ये उघडले आणि तिथवरचा बराचसा प्रवास आयगर व मोंख यांच्या पोटातल्या बोगद्यातून होतो, त्यामुळे त्या भागात खिडकीशी भांडण्याचे कारणच नाही.

मोठ्या काचांच्या पॅनोरमा डब्यांत खिडक्या उघडत नाहीत आणि समोरच्या सीटचे प्रतिबिंब प्रत्येक छायाचित्रात येते. त्यातून जायचेच असेल तर गडद कपडे घाला, भिंग काचेला टेकवा आणि भोवती काळे कापड धरा. माझा सल्ला मात्र असा, की गाडीत बसून डोंगर टिपण्यापेक्षा उतरून डोंगरासमोरची गाडी टिपावी. वेंगेनहून क्लाइन शायडेगकडे १८९३ पासून चालणाऱ्या मार्गावर वेंगर्नआल्प नावाचे छोटे स्थानक आहे. तिथे उतरा आणि कुंपणाबाहेरच्या कुरणात, रुळांपासून सुरक्षित अंतरावर उभे राहा. पिवळ्या-हिरव्या डब्यांची गाडी खालून चढत येते आणि तिच्या पाठीमागे युंगफ्राऊची हिमभिंत सबंध आभाळ व्यापून असते. वर जाणारी आणि खाली येणारी अशा दोन्ही गाड्यांच्या वेळा आधी वेळापत्रकातून उतरवून घ्या, आणि पहिली गाडी फक्त पाहण्यासाठी सोडून द्या. वळणावर ती कुठे सर्वांत चांगली दिसते ते त्या गाडीने दाखवले, की पुढच्या गाडीसाठी तिपाई तिथे लावता येते.